नंबर लावण्याआधी

विमानाच्या मॉडेलवर नंबर चिकटवण्याआधी तो नंबर कोणत्या विमानाचा होता आणि त्या विमानाचं पुढे काय झालं, हे चिकटवणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. माहीत नसेल तर मॉडेल बिननंबराचं राहू द्यावं. माझं मत एवढंच आहे. पण आमच्या छंदातल्या मंडळींसमोर ते बोलून दाखवलं की हशा पिकतो. ‘अगं, वीतभर प्लॅस्टिक आहे ते, त्याचं काय एवढं!’

आपल्या मंडळातल्यांचा प्रश्न वेगळा आहे. मराठी मंडळाच्या अंकात लढाऊ विमान कशाला? कविता नाही, कथा नाही, आणि ही मुलगी प्लॅस्टिकला रंग लावण्यावर पानं भरणार? त्यावर माझं उत्तर असं, की विमान ही वाचायची वस्तू आहे. खऱ्या विमानाच्या अंगावर किती मजकूर असतो हे एकदा जवळ जाऊन बघा. इथे पाय देऊ नका, इथून इंधन भरा, इथे ओढलं की छत उघडेल. वैमानिकाच्या आसनाजवळ लाल त्रिकोण असतो. आसनाखाली स्फोटक आहे, हात लावताना सांभाळा, हे तो मदतीला धावून येणाऱ्याला सांगतो. आपल्या वायुसेनेच्या मोठ्या मालवाहू विमानांवर एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत ‘भारतीय वायु सेना’ असं लिहिलेलं असतं. हा सगळा मजकूर कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेला असतो. त्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महत्त्वाचा मजकूर म्हणजे नंबर.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी सध्या सी हॅरियरचं मॉडेल करते आहे, प्रमाण एकास बहात्तर. खरं विमान साधारण साडेचौदा मीटर लांब, म्हणून माझं वीस सेंटिमीटर. पंखांची रुंदी पावणेअकरा सेंटिमीटरच्या आसपास. वास्कोच्या माणसाला सी हॅरियर काय ते सांगावं लागत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये ही विमानं दाभोळीला आली आणि मे २०१६ मध्ये तिथेच निवृत्त झाली. मधली तेहतीस वर्षं आमच्या घरांच्या खिडक्या त्यांच्या आवाजाने थरथरत होत्या. शाळेत बाई शिकवता शिकवता थांबायच्या, विमान जाऊ द्यायच्या आणि अर्ध्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायच्या.

जोडकामाबद्दल मला फारसं सांगायचं नाही. सांध्यांना पुटी भरा, पॉलिश पेपर ओला करून घासा, साबणाच्या पाण्याने धुवा, प्रायमर मारा. साबणाचं पाणी टाळू नका, कारण साच्यातून सुटावं म्हणून कारखान्यात लावलेलं तेलकट काहीतरी प्लॅस्टिकवर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. खरी कसोटी रंगाला सुरू होते. आपल्या नौदलाच्या सी हॅरियरचा सुरुवातीचा रंग असा: वरून आणि बाजूंनी गडद समुद्री राखाडी, पोट पांढरं. त्या राखाडीचं ब्रिटिश नाव ‘एक्स्ट्रा डार्क सी ग्रे’. हंब्रॉलच्या डबीवर १२३ नंबर. नुसती राखाडी म्हणू नका तिला. तिच्यात निळा असतो. पावसाळ्यात बायण्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पाच वाजता समुद्र जसा दिसतो, तशी ती दिसते. पांढरा आधी मारायचा, पातळ थरांत, चार-पाच वेळा. मग त्यावर मास्किंग टेप लावून वरची राखाडी. उलट केलंत तर राखाडीवर पांढरा बसवता बसवता कडेला रंगाचा बांध उभा राहतो आणि विमानाला कंबरपट्टा बांधल्यासारखा दिसतो.

गोव्याच्या पावसाळ्यात हे काम म्हणजे तपश्चर्या. इनॅमल चार-चार दिवस बोटाला चिकटतो. कॉम्प्रेसर लावला तर हवेतलं बाष्प नळीत पाणी होतं आणि एअरब्रश मध्येच थुंकतो. घरच्यांचं म्हणणं, ऑक्टोबरपर्यंत थांब की! बरोबरच आहे त्यांचं, पण सेमिस्टरची परीक्षाही ऑक्टोबरातच असते.

रंग झाला की डिकल. लहानपणी च्युइंगगमबरोबर हातावर उठवायचे ते पाण्याचे टॅटू मिळायचे ना, त्यांचा हा शिकलेला भाऊ. कागदावर एक अतिशय पातळ पारदर्शक पापुद्रा, त्यावर छपाई, खाली पाण्यात विरघळणारा डिंक. हवं तेवढं कापायचं, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, टिश्यूवर मिनिटभर ठेवायचं. मग कागद विमानाला टेकवून ओल्या कुंचल्याने पापुद्रा सरकवायचा. चिमट्याने उचलायचा नाही. उचलला की तो स्वतःवरच गुंडाळी मारतो आणि मग देवही सोडवू शकत नाही.

त्याआधी एक पायरी असते, ती पुष्कळजण गाळतात. डिकलच्या खाली पृष्ठभाग चकचकीत हवा. मॅट रंग दिसायला सपाट असला तरी बारीक दृष्टीने खडबडीत असतो. त्या खड्ड्यांत हवा अडकते आणि पापुद्र्याखाली चंदेरी डाग दिसतात. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डिकल, मग पुन्हा वार्निश, आणि शेवटी मॅट. पंखावरच्या खाचांत डिकल बसावं म्हणून मऊ करणारं औषध लावतात. ते लावलं की पापुद्र्याला सुरकुत्या पडतात आणि नवीन माणूस घाबरून बोट लावतो. लावू नये. अर्ध्या तासात तो आपला आपण बसतो, खाचेत उतरतो, रंगवल्यासारखा दिसतो. या अर्ध्या तासात खोलीबाहेर जाणं हेच कौशल्य.

आता नंबर. भारतीय नौदलाच्या विमानांवर ‘आयएन’ आणि पुढे तीन आकडे असतात. सी हॅरियरची मालिका ६०१ पासून सुरू झाली. बाजारातल्या डिकलच्या शीटवर बहुधा सुटे आकडे येतात, म्हणजे हवा तो नंबर जुळवा. आमची बहुतेक मंडळी काय करतात? आकडे दिसायला बरे वाटतील असे जुळवतात. कोणी स्वतःच्या जन्मतारखेचे लावतो. कोणी शीटवर सगळ्यात कमी फाटलेले जे उरले असतील ते लावतो. माझं भांडण इथे आहे.

आमच्या शेजारी एक अंकल राहतात. नौदलाच्या विमान दुरुस्तीच्या यार्डात त्यांनी नोकरी काढली, त्यातली बरीच वर्षं रंगाच्या विभागात. मी मॉडेल करते म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा हात पुढे केला तो मॉडेल बघायला नाही, माझ्या हातातली डिकलची शीट बघायला. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ आकडे पाहिले. मग म्हणाले, ‘बाय, नंबर म्हळ्यार विमानाचें नांव.’ एवढं बोलून चहा प्यायले. पुढच्या वेळी त्यांनी सांगितलं की नंबर रंगवण्याआधी ते कागदपत्रावरचा आकडा दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावायचे आणि स्वतः स्टेन्सिलवर बोट ठेवून ऐकायचे. आपल्या अंकाचं मुद्रितशोधन आपण असंच करतो, एकजण वाचतो आणि दुसरा बघतो. फरक एवढाच, की आपल्याकडे वेलांटी चुकली तर हसू होतं. तिथे आकडा चुकला तर कोणत्या यंत्राची कोणती दुरुस्ती झाली, किती तास उड्डाण झालं, याच्या सगळ्या नोंदी भलत्याच विमानाच्या नावावर जायच्या.

रंग आणि चिन्हं काय काय सांगू शकतात याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच विराटचं आहे, ती विराट होण्याआधीचं. १९८२ साली फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात युद्ध पेटलं. ५ एप्रिलला एचएमएस हर्मीस ही विमानवाहू नौका सी हॅरियर घेऊन पोर्ट्समथहून दक्षिणेकडे निघाली. विमानांची पोटं शांततेच्या काळातली, पांढरीशुभ्र. युद्धात पांढरं पोट आभाळात लांबून दिसतं. मग वाटेतच, चालत्या जहाजावर, हर्मीसच्या माणसांनी कुंचले घेऊन ती पोटं राखाडी केली. गोल चिन्हांतला पांढरा भाग झाकला, स्क्वाड्रनची चिन्हं रंगाखाली गाडली. एअरब्रश नाही, शांत हवा नाही, चार दिवस वाळवायला वेळ नाही.

आता गंमत बघा. याच विमानांची मॉडेलं आमची मंडळी एअरब्रशने अशी गुळगुळीत करतात की आरशात तोंड बघावं, आणि कुंचल्याची रेघ दिसली की परीक्षक गुण कापतात! हर्मीसवरच्या एप्रिल १९८२ च्या विमानाच्या पोटावर कुंचल्याची रेघ दिसली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ती रेघ हा दोष नाही. घाईने, कदाचित भीतीनेही, काम करणाऱ्या माणसांची ती एकमेव खूण आहे. सी हॅरियरनी त्या युद्धात सुमारे वीस विमानं पाडली आणि हवाई झुंजीत स्वतःचं एकही गमावलं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. सी हॅरियर एकूण सहा गेली, त्यातली चार अपघातात, हे कमी जणांना माहीत असतं. पाडलेल्या विमानांच्या छोट्या खुणा काही सी हॅरियरवर नंतर रंगवल्या गेल्या. त्या डिकल शीटवर येतात आणि पोरं त्या सगळ्यात आधी कापतात. गेलेल्या सहांसाठी शीटवर काहीच येत नाही.

तीच हर्मीस १२ मे १९८७ रोजी आयएनएस विराट म्हणून आपल्या नौदलात आली. त्याच डेकवर आपल्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सी हॅरियर उतरू लागली. त्यांच्यावर पांढऱ्या वाघाचं चिन्ह होतं, कुठेही न झाकलेलं. पाच वर्षांपूर्वी जिथे चिन्हं पुसली गेली तिथेच ती आता मिरवली जात होती. मॉडेल करताना हे हाताला कळतं. ब्रिटिश १९८२ च्या विमानाला डिकल कमी आणि राखाडी फार. आपल्या विमानाला तिरंगी वर्तुळं, वाघ, नंबर, सगळं ठळक. यातली केशरी मात्र परदेशी शीटवर क्वचितच धड येते. एका शीटवर ती पिकलेल्या टोमॅटोसारखी होती, दुसरीवर हळदीसारखी. आणि खाली पांढऱ्याचा थर छापलेला नसेल तर गडद राखाडीवर ती केशरी मातकट होऊन बसते. अशा वेळी मी वर्तुळ आधी पांढरं रंगवून घेते. वेळ जातो, पण आपलं चिन्ह मळलेलं लावायला हात होत नाही.

मळवण्यावरूनही एक वाद आहेच. हल्ली प्रत्येक मॉडेल घाण करायची पद्धत पडली आहे. तेलाचे ओघळ, गंज, काजळी, सगळं एकदम. बघितलं तर वाटावं की विमान वीस वर्षं बंदरावरच्या भंगारात पडलं होतं. नौदलाची विमानं खाऱ्या हवेत राहतात, म्हणूनच ती गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. मीठ राहिलं तर धातू खाल्ला जातो. म्हणजे शांततेच्या काळातलं नौदलाचं विमान उडालेल्या रंगाचं, ठिगळाठिगळाने पुन्हा रंगवलेलं असेल, पण चिखलात लोळलेलं नसेल. आणि काजळी कुठे असेल हेही इंजिनाला विचारावं. सी हॅरियरला चार तोंडं असतात. पुढच्या दोघांतून पंख्याची तुलनेने थंड हवा येते, मागच्या दोघांतून जळालेला गरम वायू. म्हणून मागच्यांच्या पाठीमागे अंगावर उष्णता सोसणारा पत्रा असतो आणि काजळीही तिथेच. चारही तोंडं सारखी काळी केलेलं मॉडेल मी प्रदर्शनात पाहते तेव्हा समजते, की करणाऱ्याने दुसऱ्याचं मॉडेल पाहिलं, विमान पाहिलंच नाही. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॅरियर उभं आहे. बघायला जरूर जा, आकार आणि खाचा डोळ्यांत भरून घ्या. रंगासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका, कारण ऊनपावसात उभ्या असलेल्या विमानाला वेळोवेळी नवा हात द्यावाच लागतो. रंगासाठी त्या वर्षीचा, त्याच नंबराचा फोटो शोधावा. एका फोटोने एकच बाजू कळते. दुसऱ्या बाजूचं ठाऊक नसेल तर शोधत राहावं.

नंबरावर पुन्हा येते, कारण खरं दुखणं तिथे आहे. आपल्या सी हॅरियरनी तेहतीस वर्षांत लढाईत शत्रूचं एकही विमान पाडलं नाही. तसा प्रसंगच आला नाही. तरीही ताफ्यातली निम्म्याहून जास्त विमानं अपघातांत गेली. २००९ च्या ऑगस्टमध्ये एक सी हॅरियर गोव्याच्याच किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं आणि त्याचा वैमानिक गेला. तेव्हा मी पाच वर्षांची, मला काही आठवत नाही. अंकलना आठवतं. ते नंबर उच्चारत नाहीत, ‘तें विमान’ म्हणतात. म्हणजे शीटवरून आंधळेपणाने उचललेला नंबर गेलेल्या विमानाचा असण्याची शक्यता न गेलेल्यापेक्षा जास्त! ज्याच्या घरी त्या नंबराची बातमी आली होती, तो माणूस आपल्या प्रदर्शनात येऊच शकत नाही का? वास्कोत तर सहज येऊ शकतो.

यावर दोन प्रकारचे आक्षेप येतात. पहिला घरातून: गेलेल्या विमानाचा नंबर लावूच नये, अशुभ. मला तो पटत नाही. तसं केलं तर कपाटात फक्त सुखरूप परतलेलीच विमानं राहतील आणि बघणाऱ्याला वाटेल, हा सगळा प्रकार म्हणजे रुबाब आणि आवाज. दुसरा आक्षेप आपल्याच मंडळातल्या मैत्रिणीचा, आणि तो जड आहे. ती म्हणाली, ‘मारायचं यंत्र तू इतक्या प्रेमाने सजवतेस, याचा तुला काहीच त्रास होत नाही का?’ होतो. बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं पाकिटातच ठेवून मी मॉडेल करते, पण ही पळवाट आहे हे मलाही कळतं. विमान शस्त्रच राहतं, पंखाखाली काही टांगा अथवा नको. पण तिने ‘सजवतेस’ म्हटलं, तो शब्द मी घेत नाही. सजवणं म्हणजे आपल्याला आवडेल ते लावणं. जन्मतारखेचा नंबर लावणारा सजवतो. न पाडलेल्या विमानांच्या खुणा लावणाराही सजवतो. अमुक वर्षी, अमुक नंबराचं, अमुक रंगाचं विमान होतं, त्याचं पुढे हे झालं, असं म्हणत एकेक आकडा ओल्या कुंचल्याने जागेवर सरकवणाऱ्याला तो शब्द लागू होत नाही. शस्त्राची नोंद ठेवणं आणि शस्त्राचा उत्सव करणं यांत अंतर आहे. ते अंतर फार मोठं आहे असा माझा दावा नाही. मैत्रिणीचं समाधान झालेलं नाही, आणि तिचं उत्तर पुढच्या अंकात यावं अशी माझी इच्छा आहे.

तोवर एक मागणी. जानेवारीत आपल्या कॉलेजात छंदांचं प्रदर्शन भरतं. तिथे मॉडेलशेजारी करणाऱ्याचं नाव, वर्ग आणि रोल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतात. त्या चिठ्ठीवर आणखी तीन ओळी मराठीत असाव्यात: हे कोणतं विमान, कोणत्या वर्षीचं, आणि त्याचं पुढे काय झालं. शोधूनही सापडलं नाही तर ‘नंबर लावलेला नाही’ एवढंच लिहावं. चिठ्ठ्या लिहून द्यायला मंडळातले तीनचारजण तयार असतील तर बरं, माझं अक्षर वाईट आहे.

माझ्या मॉडेलचं पोट पांढरं झालं आहे, वरची राखाडी वाळते आहे. वर्तुळं आणि वाघ लावून होतील या आठवड्यात. नंबराचे आकडे मी अजून कापलेले नाहीत. दोन नंबर मनात आहेत, एक परतलेल्याचा आणि एक न परतलेल्याचा. कापण्याआधी शीट अंकलकडे घेऊन जाणार आहे. दोन्ही नंबर मोठ्याने वाचणार, आणि ते कोणत्या आकड्यावर बोट ठेवतात ते बघणार.